नवाबाची शेवटची बाटली

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात त्याला सगळे नवाब म्हणत. तसं नवाबासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं. गुडघे कुरकुरत होते, चपलेचा अंगठा कितीदा शिवला होता. पण संध्याकाळी काम आटोपलं की हातपाय धुऊन तो मानेला सेंटचा एक थेंब लावायचा आणि मगच घरची वाट धरायचा. मधात मुरवलेल्या तंबाखूसारखा गोड वास. खऱ्या तंबाखूला त्याने जन्मात हात लावला नव्हता; नाकासमोर चालणारा माणूस. पण दिवसभर लोकांच्या कोटांवरचे डाग काढून आणि धुलाईच्या औषधाची वाफ गिळून जीव मेटाकुटीला यायचा. मग त्या वासात चालताना आपणही कुणीतरी आहोत, असं त्याला घटकाभर वाटायचं.

पुढे कंपनीने ते सेंट बनवणंच बंद केलं. का, ते कंपनीलाच ठाऊक. बाटली संपली आणि बरीच वर्षं नवाब नुसताच घरी जात राहिला. मग एक दिवस ओळखीचा सेंटवाला माळा आवरत असताना जुन्या मालात एक बाटली निघाली, ती त्याने आठवणीने नवाबासाठी ठेवली.

"ही शेवटची," सेंटवाला म्हणाला. "आता पुन्हा विचारू नका."

रस्त्यातच नवाबाने मानेला थेंब लावला. वास नाही. मग मनगटाला लावला, कॉलरला लावला, रुमालावर ओतलं. कशाचा म्हणून वास येईना. तो तणतणत उलट पावली सेंटवाल्याच्या दुकानात आला.

"ओळखीच्या माणसाला रंगीत पाणी देता होय? केसाने गळा कापायला मीच सापडलो?"

सेंटवाल्याला आधी शिंक आली, मग बोलता आलं. "अहो, तुम्ही वळणावर होता तेव्हाच मला कळलं, नवाब येताहेत. अर्धी बाटली अंगावर ओतलीत की काय?"

दुकानातली गिऱ्हाइकं पदर नि रुमाल नाकाला लावून दाराकडे सरकली होती. तरी नवाब भांडतच होता. भांडता भांडता त्याला गेल्या आठवड्यातल्या बाई आठवल्या आणि त्याचा आवाज खाली आला. धुतलेला कोट गिऱ्हाइकाला द्यायचा की अजून टांगायचा, हे तो हुंगून ठरवायचा. त्या बाईंनी कोट टेबलावर आपटला होता, औषधाचा नुसता भपकारा येतोय म्हणून. नवाबाने पुन्हा हुंगून त्यांनाच सुनावलं होतं, "बाई, तुमच्या नाकातच काहीतरी बिघाड आहे." हल्लीचं औषध सौम्य असतं, पूर्वीसारखं डोक्यात जात नाही, असंही तो चारचौघांत सांगत असे.

बाटली खिशात घालून तो गुमान बाहेर पडला.

घरी बायकोने दार उघडलं आणि ती दोन पावलं मागे सरली. "आंघोळ केलीत का त्याने?"

"मला येत नाही गं," तो म्हणाला. "कसलाच वास येत नाही. कधीपासून, देव जाणे."

तिने दार लावून घेतलं. "दूध करपलं होतं, तेव्हा तुम्ही शेजारीच पेपर वाचत होतात. मला वाटलं, मुद्दाम उठत नाही. काय काय बोलले तुम्हाला."

"मी काय म्हणालो मग?"

"तुम्ही कधी काय म्हणता?"

तो चपला न काढताच स्टुलावर बसला. वाईट फार वाटत होतं, पण रडायलाही अंगात त्राण लागतं. "वास तसाच आहे का अजून?" त्याने विचारलं.

"तसाच."

दुसऱ्या दिवशी त्याने मालकाला खरं सांगितलं. मालक भला, त्याने नवाबाला इस्त्रीवर बसवलं आणि कोट हुंगायला दुसरा माणूस नेमला. सेंट आता बायको सकाळीच लावून देते, कारण किती लावायचं ते त्याला कळत नाही. दुकानात शिरला की कुणीतरी म्हणतं, "वा, नवाब, काय घमघमाट!" तो मान डोलावतो आणि इस्त्री तापवायला घेतो. कोट लोकांचे, डाग लोकांचे, एक वास तेवढा त्याचा स्वतःचा होता. आता तोही लोकांचाच झाला.