दुसरी वेलांटी

माझी वहिनी इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात आहे. त्याआधी ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. तेव्हापासून चुकीची वेलांटी दिसली की तिला अन्न गोड लागत नाही. औषधाच्या खोक्यावरची सूचनासुद्धा ती पेनने दुरुस्त करते आणि मगच गोळी घेते.

चाळिशी उलटल्यावर तिने माहिती सुरक्षा व्यवस्थापनात एम.एस्सी. करायचं मनावर घेतलं. "फायली तळघरातून संगणकात गेल्या. मी काय तळघरातच राहू?" असं विचारायची.

घराची मात्र पार वाट लागली. एकदा दादाने वाय-फायचा पासवर्ड मागितला.

"आधी ओळख पटवा," वहिनी म्हणाली.

"अगं, मी तुझा नवरा!"

"असं कोणीही म्हणेल."

दादा शेजाऱ्यांकडे जाऊन बातम्या वाचून आला.

शेवटच्या वर्षी प्रकल्प होता. इस्पितळाच्या मोठ्या साहेबांच्या नावाने सगळ्यांना एक फसवं ईमेल पाठवायचं आणि त्यातल्या लिंकवर कोण कोण बोट ठेवतं ते बघायचं. साहेबांनी परवानगी दिली, पण ईमेल कधी येणार हे त्यांनाही सांगायचं नव्हतं. वहिनीने लिहिलं, "नवीन सूचना: सर्वांनी तातडीने आपली माहिती भरावी." पाठवलं. एकही माणूस फसला नाही.

प्राध्यापक म्हणाले, "कोणी फसलंच नाही तर अभ्यास कशाचा करणार? पुन्हा करा, नाहीतर वर्ष गेलं." वर्ष गेलं तर शिक्षण सोडणार, हे तिने आधीच जाहीर केलं होतं. एरवी मी तिची टिंगल करतो, पण त्या दिवशी मी तिला चहा करून दिला.

तिने हिशेबनीस बाईंना विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

"त्यात काय कळायचंय? 'नवीन'ला दुसरी वेलांटी होती. साहेबांनी जन्मात दिली नाही."

शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचं हेच म्हणणं. इतकं शुद्ध पत्र म्हणजे चोराचंच, यावर अख्ख्या इस्पितळाचं एकमत होतं. वहिनी साहेबांची पत्रं मनातल्या मनात दुरुस्त करतच वाचायची, त्यामुळे त्यांच्या चुका तिच्या लक्षातच राहिल्या नव्हत्या.

मग ती चुका करायला बसली. 'नविन' लिहायची आणि लगेच खोडायची. शेवटी मला हाक मारली. "भावजी, तुम्हीच लिहा. तुम्हाला सहज जमतं."

मी मनाला लावून घेतलं नाही. 'सुचना', 'तातडिने', 'माहीती' असं एका दमात लिहून दिलं. तिने डोळे मिटून पाठवायचं बटण दाबलं.

निम्मं इस्पितळ फसलं. सगळ्यात आधी साहेब.

आता पंचाईत अशी, की प्रकल्प पूर्ण झाल्याचं पत्र साहेबांनीच द्यायचं होतं, आणि त्याशिवाय विद्यापीठ अहवाल घेणार नव्हतं. मी म्हटलं, "वहिनी, साहेबांना गाळा. एका माणसाने काय फरक पडतो?"

"गाळलं तर अहवाल खोटा होईल," ती म्हणाली आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेली. आपलं वर्ष गेलंच, असं धरूनच गेली.

पुढचं तिने घरी येऊन सांगितलं. साहेबांनी अहवाल वाचला. मग म्हणाले, "मला वाटलं, ते ईमेल मीच लिहिलंय."

तिथेच त्यांनी कागद ओढला आणि पत्र स्वतःच्या हाताने लिहून तिच्यापुढे सरकवलं. "जरा तपासून घ्या, बाई. विद्यापीठात जायचंय."

वहिनीने वाचलं. 'सूरक्षा' होती, 'माहीती' होती आणि शेवटी तिच्याबद्दल लिहिलं होतं, 'अतीशय प्रामाणीक'. तिचे डोळे भरून आले. तिने पेनला टोपण लावलं.

"राहू द्या, साहेब. मी हात लावला तर कोणी खरं मानणार नाही."