उघड्या खांद्याची रिबेका

परवा मुलीकडे ऊद जळल्याचा वास आला आणि मी थेट आखातातल्या नईम वस्तीतल्या आमच्या जुन्या भाड्याच्या खोलीत पोचले. तिथे भिंतीवर मी वसईहून नेलेलं, कुण्या युरोपियनाने काढलेलं बायबलमधल्या रिबेकाचं चित्र होतं. विहिरीवर उभी, एक खांदा उघडा.

एकदा घरमालकीण उम्म हसन आली आणि चित्रासमोर थबकली. नवरा पुटपुटला, "खलास! खोली गेली."

"ये कौन?" तिने हिंदीतच विचारलं.

"रिबेका. पुराने जमाने की, आपके मुलुक जैसी."

"हमारी?" तिने अंगावरचा काळा अबाया सावरला. "मैं छोटी थी, कुएँ से पानी लाती थी. इतनी धूप में कंधा खुला? पूरा जल जाएगा!"

ती खळखळून हसली. मी चहा ठेवला आणि तिला तिच्या विहिरीबद्दल विचारलं.