पप्पांना उठवायचं नाही

हिरामण मूळचा सायखेड्याचा. अंबडला एका कंपनीत लागला आणि सिडकोत आमच्या शेजारच्या दोन खोल्या घेऊन राहिला. माणूस भारी बोलका. दिवसभर मशीनच्या खडखडाटात तोंड बंद ठेवावं लागायचं, त्याचं उट्टं घरी काढायचा. तोंडाला लगाम नाही, आणि पोरगी मिळाली अशी, की बापाचा शब्द खाली पडू देणार नाही.

तृप्ती तेव्हा तीन वर्षांची असेल. एकदा हा दटावून म्हणाला, "ताटातलं सगळं संपल्याशिवाय उठायचं नाय." नेमक्या आमटीत शेवग्याच्या शेंगा होत्या. सगळ्यांचं जेवण होऊन भांडी घासली गेली तरी ही बया ताटावरच. जाऊन बघतो तर शेंगांचा चोथा चघळत रडतेय, पण उठत नाही!

आम्ही दोन्ही घरं मिळून त्र्यंबकला गेलो, तेव्हा गर्दी बघून त्याने बजावलं, "माझं बोट सोडायचं नाय." कुशावर्तावर अंघोळ झाली, सदरा घालायचा, तर ही बोट सोडेना. त्याने दुसऱ्या हाताचं बोट पुढे केलं. "हे ते बोट नाही," ती म्हणाली. शेवटी हा गडी एक बाही घालून, दुसरी लोंबत ठेवून दर्शनाच्या रांगेत उभा राहिला. त्याची बायको मीना तोंडाला पदर लावून हसत होती. मी म्हटलं, "हिरामण, जरा तोलूनमापून बोलत जा." तर म्हणतो, "पोर ऐकती हे काय कमी हाय?"

त्याची नाईट असली की सकाळी येऊन तो दुपार कलेपर्यंत झोपायचा. आमच्या लाईनीत निम्म्या घरांत हेच. कुणी ना कुणी बाप दिवसा झोपलेला, आणि पोरांना दबक्या आवाजात खेळायची सवय. हिरामणनेही लेकीला सांगितलं होतं, "पप्पा झोपले की उठवायचं नाय. कुणी आलं तरी. काही झालं तरी." एकदा मीना रेशनच्या रांगेत गेलेली असताना तिचा भाऊ गोरक्ष गावाहून द्राक्षांची पेटी घेऊन आला. भाचीने ओठांवर बोट ठेवून त्याला पायरीवरच बसवलं. बिचारा तिथेच भिंतीला टेकून घोरू लागला. हिरामण उठल्यावर हसून हसून लोळला आणि पोरीच्या तळहातावर पेढा ठेवून म्हणाला, "शाब्बास! अशीच ऐकत जा." आम्हीही हसलो. कुणालाच काही खटकलं नाही. आज त्या हसण्याचीच चीड येते.

पुढच्याच थंडीत, शहाण्णव साली, हा नाईट करून आतल्या खोलीत झोपला होता. मीना बाहेरच्या खोलीत पीठ मळता मळता कोसळली. दार लोटलेलं, त्यामुळे आम्हाला कुणालाच पत्ता नाही. हिरामण नेहमीसारखा दुपारी आपणहून उठला. मीना परातीशेजारी पडलेली, अंगावर तृप्तीची छोटी गोधडी घातलेली, आणि पोर शेजारी मांडी घालून बसलेली.

"आई पडली," ती कुजबुजली. "मी आवाज नाही केला." आणि तिने पेढ्यासाठी हात पुढे केला.

त्याची किंकाळी ऐकून मी धावलो. रिक्षात घालून मीनाला दवाखान्यात नेलं, पण ती संध्याकाळी गेली. डोक्यातली शीर फुटली होती. डॉक्टर आम्हा दोघांना एवढंच म्हणाले, "सकाळीच आणलं असतं तर वाचल्या असत्या."

बाहेर येताच हिरामणने माझे दोन्ही हात धरले. "भाऊ, हे पोरीला कधी कळता कामा नाय. मी मेलो तरी." आमच्या लाईनीत कुणाच्या पोटात काही राहत नाही, पण ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितली नाही.

हिरामणचं बोलणंच आटलं. साहेबाच्या हातापाया पडून त्याने नाईट बंद करून घेतली. लेकीला सांगितलं, "मी झोपलो तरी उठवायचं. कधीबी. कशालाबी." तिने तेही शब्दशः धरलं. भिंतीवर पाल आली, उठव. दात हलतोय, उठव. दूधवाल्याने सायकलला नवी घंटा लावली, उठव. डोळे तांबारलेले असायचे, पण हा दरवेळी उठून बसायचा आणि म्हणायचा, "बरं झालं उठवलंस." पोरगी मोठी झाली, कॉलेजात जाऊ लागली, तरी तिची ती सवय सुटली नाही. त्यालाही ती सुटायला नको होती.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्या दारात पेपर वाचत बसलो होतो. हिरामणचा डोळा लागला होता. तृप्तीने त्याला हलवून उठवलं.

"पप्पा, मी तेव्हा तुम्हाला उठवलं असतं, तर आई वाचली असती का?"

तो उठून बसला. तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "नाय. पडली तेव्हाच ती गेली होती."

ती माझ्याकडे वळली. "काका, दवाखान्यात तुम्ही होता ना?"

"होतो," मी म्हणालो. "डॉक्टर तेच म्हणाले."

कितीतरी वेळ ती आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. जन्मभर जिने आमचा शब्द न शब्द खरा मानला, तिने हा एवढा एक मानावा म्हणून माझा जीव तुटत होता. मग तिने बापाला आडवं केलं आणि त्याच्या अंगावर चादर ओढली.

"झोपा पप्पा," ती म्हणाली. "मी आवाज नाही करत."

त्यानंतर तिने त्याला कधीच झोपेतून उठवलं नाही.