ब्रह्मदेशाहून आणलेली मूर्ती

छप्पन साली आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा बुद्धाची मूर्ती कोणाकडेच नव्हती. लोकांनी भिंतीवर कागदी चित्रं चिकटवली. आमच्या घरात मात्र लोखंडी पेटीत पितळेची, वीतभर उंचीची मूर्ती आधीपासूनच होती. माझे पणजोबा हिंगोलीच्या छावणीत इंग्रजांचे शिपाई होते. पलटणीबरोबर ब्रह्मदेशात लढून परतताना त्यांनी ती आणली. ‘तिथल्या राजानं बक्षीस दिली’ असं ते सांगत, आणि आम्ही ते चार पिढ्या मिरवलं. आपलं राज्य घ्यायला आलेल्या शिपायाला राजा बक्षीस कशाला देईल, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. मी तर आसेगावाकडच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गेल्या वर्षी वस्तीतल्या नव्या विहाराचं बांधकाम पुरं होत आलं. बाबा नव्वदीला टेकलेले. त्यांची एकच इच्छा होती. मूर्ती विहारात बसवावी आणि तिच्याखालच्या संगमरवरी पाटीवर त्यांच्या आज्याचं, म्हणजे माझ्या पणजोबांचं नाव यावं. लहानपणी त्या म्हाताऱ्याच्या मांडीवर बसून त्यांनी लढाईच्या गोष्टी ऐकल्या होत्या. त्याच्यावर त्यांचा फार जीव. शेलूबाजारच्या कारागिराला पाटी सांगूनही झाली.

त्याच सुमारास जवळच्या गावी ब्रह्मदेशातले एक भंतेजी पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या मुक्कामाला आले होते. मूर्तीच्या बैठकीवर बारीक, गोल गोल अक्षरं होती. ती वाचून घ्यावीत, आणि खरं सांगायचं तर थोडी शेखीही मिरवावी, म्हणून मी मूर्ती टॉवेलात गुंडाळून स्कूटरवर घेऊन गेलो. तुमच्या राजानं आमच्या पणजोबांना दिली, हेही सांगून बसलो. भंतेजींनी अक्षरं दोनदा वाचली. मग मोडक्या हिंदीत सांगितलं की, एका आईनं आपल्या मेलेल्या मुलाच्या पुण्यासाठी ही घडवून घेतली आणि गावच्या विहाराला दान दिली. तिचं नाव आहे, गावाचं आहे. राजाचं काही नाही.

गाव त्यांच्या ओळखीचं निघालं. इंग्रजांच्या फौजेनं ते जाळलं होतं, असं तिथली जुनी माणसं सांगत. आता त्यांच्याच देशाच्या फौजेनं ते पुन्हा जाळलंय. मूर्ती परत न्यायची म्हटलं तरी घ्यायला तिथं कोणी उरलेलं नाही.

परतताना मला पणजोबांचा राग आला, आणि कीवही आली. आपल्या गावात ज्याला देवळाची पायरी चढायची मुभा नव्हती, तो माणूस दुसऱ्यांच्या विहारात बूट घालून शिरला असेल. अंगावर वर्दी आली तेव्हा कुठं त्याला कोणी माणसात धरलं. इंग्रजांनी काट्यानं काटा काढला. इथल्या गरिबाच्या हातून तिथल्या गरिबाचं घर जाळून घेतलं. पण मूर्ती उचलणारा हात आमचा होता, त्याचं खापर इंग्रजांवर कसं फोडणार?

बाबांशी खोटं बोललो असतो तर खपलं असतं. त्यांना आता नीट दिसतही नव्हतं. पण मी पडलो मास्तर, चूक दिसली की जीभ गप्प राहत नाही. सकाळी त्यांचा चहा झाल्यावर सगळं सांगून टाकलं.

त्यांनी रिकामी कपबशी बाजूला सारली. मग म्हणाले, “त्या मायचं नाव हाय म्हणतं त्याच्यावर?”

“हाय.”

“मंग पाटीवर तिचंच टाक.”

“आन् आज्याचं?”

“त्याचं कायले? त्यानं कोठं देल्ली? त्यानं तं आणली.”

“पाटी कोरून झाली, बाबा.”

“मंग मांगच्या अंगानं कोरून घे.”

एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून निजले आणि रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. सांगितलं ते चुकलंच, असं मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही अधूनमधून वाटतं.

पाटी बसवायच्या दिवशी वस्ती गोळा झाली. हे कोण्या बाईचं नाव, म्हणून लोकांनी विचारलं. बाबांनी काठीवर भार देऊन उभं राहत सगळ्यांदेखत सांगितलं, “माह्या आज्यानं हे मूर्त तिच्या गावातून लुटून आणली.” गवंड्यानं भिंतीला सिमेंट लावलं. बाईचं नाव समोर येणार होतं, आज्याचं आत. गवंडी पाटी उचलायला वाकला, तेव्हा बाबांनी त्याला थांबवलं. पाटी पालथी करायला लावली. दिसत नव्हतंच, म्हणून आज्याच्या नावाच्या एकेका अक्षरावरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेले आणि म्हणाले, “लाव आता.”