कुलूपबंद फोल्डरमधली ओळ

सोलापुरात माणूस बसायला खुर्ची देण्याआधी गाव विचारतो. ‘कंचं गाव?’ झालं की ‘कुणाकडचं?’ आणि चहा येईपर्यंत कुठलं तरी नातं निघतंच. मला या चौकशांचा मनापासून वैताग आहे. पण ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळायचं माझं काम, तेव्हा त्या ऐकत ऐकतच प्रिंटर दुरुस्त करावे लागतात.

घर सोडून आलेल्या बायकांना आधार देणारी एक छोटी संस्था माझ्याकडे होती. तिथे मात्र गाव विचारण्याचं काम मीच केलं. तिथला कॉम्प्युटर ऑपरेटर केम गावचा निघाला, आणि नुकतीच आलेली एक बाई केमचीच सून होती. नवऱ्याने तिला विहिरीत ढकलायची धमकी दिली होती, आणि तो ती खरी करेल याबद्दल कुणालाच शंका नव्हती. संस्थेच्या ताईंनी तिला मुलीसकट अकलूजच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला लावून दिलं होतं. ताई आणि ऑपरेटर, दोघांना मिळून कॉम्प्युटर एकच. म्हणून ताईंच्या नोंदींचं फोल्डर मी असं बंद केलं की ऑपरेटरच्या लॉगिनमधून ते उघडूच नये. स्वतःवर बेहद्द खूश होते मी.

दोन-तीन महिन्यांनी एका दुपारी मी आतल्या खोलीत ताईंबरोबर चहा घेत होते. बाहेरून ऑपरेटरने हाक मारली, “मॅडम, हे काय यायलंय बघा की.”

लेबल छापायचा प्रोग्राम अडला होता. त्या प्रोग्रामचा एक मदतनीस असतो, पडद्यामागे गुपचूप चालणारा. प्रिंटरला हात घालता यावा म्हणून त्याला कॉम्प्युटरवरचे सगळे अधिकार दिलेले असतात. सकाळी ताईंनी एक पत्ता छापला होता, त्या फाइलचं नाव चौकटीत तसंच राहिलं होतं. ऑपरेटरला वाटलं ती सेटिंगची फाइल आहे, म्हणून त्याने ‘तपासा’ दाबलं. मदतनिसाने काही विचारलं नाही. ऑपरेटरला बंद असलेल्या फोल्डरमध्ये तो स्वतःच्या अधिकारात शिरला, फाइल वाचली आणि पडद्यावर तक्रार केली: ही ओळ समजली नाही. खाली ती ओळ जशीच्या तशी छापलेली. बाईचं नाव, केम, सध्या अकलूज, वसतिगृहाचं नाव.

ऑपरेटर पडद्याकडे बघत हळूच म्हणाला, “ही तर आमच्या गावची सून हाय.”

मी पडदा बंद केला. आता बंद करून काय उपयोग होता?

प्रोग्रामवाल्या कंपनीला तिथूनच फोन लावला. पलीकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, “मॅडम, हा लोकल इश्यू आहे. बाहेरून कुणालाच दिसणार नाही. फक्त त्या कॉम्प्युटरवर बसलेल्याला दिसेल.”

“अहो, आम्हाला भीती त्या खुर्चीवर बसलेल्याचीच आहे!” मी ओरडले. आणि तो खुर्चीवर बसलेला माझ्या शेजारीच उभा होता. त्याने मान खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण शब्द परत घेता येईना.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. नाव बघून त्याचा चेहरा उतरला. “मावसभाऊ हाय. तिच्या नवऱ्याचा दोस्त. दर आठवड्याला इचारतो, तुज्या हापिसात आली का म्हणून.”

ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी उचलू नको म्हटलं नाही, उचल म्हटलं नाही. त्याने उचलला.

“व्हय, कामावरच हाय… न्हाय रं… न्हाय म्हणतो की. हितं कोण बी आलेलं न्हाय.” त्याच्या आवाजात कुठेही अडखळ नव्हती. फोन ठेवून तो ताईंना म्हणाला, “माज्याकडनं भाईर जाणार न्हाय, ताई. आईची शपथ.”

तो पाणी प्यायला गेला तेव्हा ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “हलवा तिला. आज भावाला नाही म्हणाला. उद्या घरातल्या मोठ्या माणसाने समोर बसवून विचारलं तर?” ताईंना ते आवडलं नाही, पण पटलं. त्यांनी आतून अकलूजला फोन लावला. पलीकडून त्या बाईचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू येत होता. “पोरगी शाळंत रमलीया ओ ताई. आता कुटं हसाय लागलीया.” मला रडू आलं, आणि रागही. बाहेरून कुणीही न घुसता एका पोरीची शाळा सुटली.

दुसऱ्या दिवशी मी तो प्रोग्राम काढून टाकायला गेले. ऑपरेटर आधीच येऊन बसला होता.

“हलवली व्हय तिला?”

मी हातातली बॅग टेबलावर ठेवली.

“सख्ख्या मावसभावाला खोटं बोललो की मी, मॅडम. तरी बी?”

“तरीही,” मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

तो खुर्चीवरून उठला आणि ती माझ्याकडे सरकवून म्हणाला, “मग आदी तुमीच बसा. मला काय काय दिसतंय ते बघा. मग मी कामाला हात लावतो.”