तिसरं कडवं

किस्से जमवावे लागत नाहीत. शेवगावजवळच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये कारभार बघणाऱ्या पंचांनी तोंड उघडलं की एक तयार होतो, आणि पंच दर रविवारी तोंड उघडतातच! मी इंजिनिअरिंग अर्धवट सोडलंय. आठवडाभर टेम्पो चालवतो, रविवारी चर्चमध्ये तबला वाजवतो. तबल्यामागून सगळं दिसतं. कोण डोळे मिटून प्रार्थना करतंय आणि कोण डोळे मिटून झोपलंय, तेसुद्धा.

*

माझे पप्पा गावातल्या शाळेत मास्तर होते. चर्चमधली बाजाची पेटी त्यांच्याकडे, गाणारी मंडळी त्यांनी तयार केलेली. आणि शमुवेलनाना चर्चचे सेक्रेटरी. नानांचा एक नियम माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. गीत कुठलंही असो, चार कडव्यांतलं तिसरं गाळायचं!

"पहिलं, दुसरं आणि शेवटचं," असं नाना पुकारणार आणि घड्याळाकडे बघणार.

एकदा पंचांच्या बैठकीत पप्पांनी विचारलंच, "नाना, तिसऱ्या कडव्यानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"मास्तर, लोकांच्या घरी रविवारचं मटण शिजत असतं. वेळ वाचवायला नको?"

"मग तुमच्या सूचना कमी करा की! चौदा असतात!"

बैठकीच्या वहीत हे कुठेच सापडणार नाही. वही नाना लिहितात.

*

मी कॉलेज सोडून घरी आलो, त्या रविवारी नानांनी भर उपासनेत माझ्यासाठी प्रार्थना केली. लांबलचक. "हे प्रभू, आमच्या मास्तरांच्या लेकराला सुबुद्धी दे. तो गणिताच्या एम-टूमध्ये नापास झाला, एम-थ्रीमध्ये नापास झाला, मेकॅनिक्समध्येही..." प्रभूला सगळा रिझल्ट कळवला! आमच्याकडे दुसऱ्याची चुगली करायची तर अशी, हात जोडून, म्हणजे कुणाला मध्ये बोलता येत नाही.

मी बोललो. तबल्यामागून उठलो आणि म्हणालो, "नाना, ग्राफिक्स राहिलं!"

पोरं हसली. पप्पा पेटीवर मान खाली घालून बसले होते. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायचे थांबले. एका घरात तीन महिने! "याला जेवायला वाढ," हेही आईला सांगायचे, मी समोर असताना.

चौथ्या महिन्यात त्यांना पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, बोलणं कधी परत येईल सांगता येत नाही. म्हणजे मला शिव्या घालणार होते की माफ करणार होते, ते आतच अडकलं.

*

नगरच्या हॉस्पिटलात नाना पाच पंच घेऊन आले. कॉटभोवती कडं केलं आणि प्रार्थना सुरू. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सलाईन संपलं. नर्स नानांच्या काखेखालून वाकून बाटली बदलून गेली. नाना अजून बायबलातल्या इस्राएल लोकांना रानातून बाहेर काढत होते!

शेजारच्या कॉटवर एक मुसलमान चाचा होते, पायाला प्लास्टर. नानांनी श्वास घ्यायला क्षणभर उसंत घेतली तेवढ्यात चाचा खणखणीत म्हणाले, "आमीन!"

पाचही पंच सवयीनं म्हणाले, "आमेन!" सगळ्यांचे डोळे उघडले. संपलं!

चाचांनी मला डोळा मारला. "बेटा, हमारे यहाँ भी एक हैं ऐसे."

*

घरी आल्यावर पप्पांच्या तोंडून एकच शब्द निघायचा. "थांब." चहा हवा असला तरी थांब, कूस बदलायची असली तरी थांब. आई स्वराच्या चढउतारावरून ओळखायची.

एका संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थनासभा ठेवली. नानांनी दुःखावर बोलायला घेतलं. "देव ज्याच्यावर प्रीती करतो, त्यालाच तो शिक्षा..."

"थांब," पप्पा म्हणाले.

नाना थांबले. पुन्हा सुरू झाले. "तर मंडळी, ही शिक्षा म्हणजे..."

"थांब!"

आमच्या गल्लीतली सुमनमावशी कोपऱ्यातून म्हणाली, "मास्तरांनी दोनदा सांगितलं, नाना. बसा आता. च्या निवतोय."

*

ही सुमनमावशी विधवा, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी. तिनं आम्हाला कधी उपदेश केला नाही. दुपारी यायची, आईजवळ बसून मेथी निवडायची आणि गायची. चर्चची गीतं, एकामागून एक, सगळी कडवी! आई बरोबरीनं गुणगुणायची आणि झटक्यानंतर फक्त तेव्हाच तिचा चेहरा सैल व्हायचा. मला पंचांचा देव कधी पटला नाही. पण त्या दुपारी मी टेम्पो लावून मुद्दाम घरी येऊन बसायचो. छातीवरचा दगड तेवढा वेळ कुणीतरी उचलून धरल्यासारखं वाटायचं.

एकदा बघतो तर पप्पांचं डावं बोट कॉटच्या पट्टीवर पडत होतं. ठेक्यात! मी तबला आणला आणि तोच ठेका धरला. आम्ही दोघं पाऊण तास वाजवत होतो.

मावशी मेथीची काडी मोडत म्हणाली, "पुढच्या रविवारी मास्तरांना देवळात न्या." चर्चला ती देऊळच म्हणते.

*

चर्चला पाच पायऱ्या आहेत. उतार बांधायचा विषय पंचांच्या बैठकीत दोन वर्षं चर्चेत होता. म्हणून आम्ही चार पोरांनी पप्पांना खुर्चीसकट उचललं. दारात पंच उभे, एकमेकांना सूचना देत.

नाना गहिवरून म्हणाले, "अगदी शुभवर्तमानातल्यासारखं! त्या पक्षाघाती माणसालाही चौघांनीच उचलून आणलं होतं!"

"व्हय," मावशी म्हणाली, "आन् बाकीचे दार अडवून उभे हुते. सरका!"

*

पप्पांची खुर्ची तबल्याजवळ ठेवली. पेटी बंदच होती. वाजवणारा खुर्चीत होता.

नाना उभे राहिले, घड्याळ बघितलं. "पहिलं, दुसरं आणि शेवटचं."

पहिलं झालं. दुसरं झालं. पप्पांचं बोट खुर्चीच्या हातावर पडत होतं, तोंड बंद. सगळे चौथ्याकडे वळले.

एक आवाज वळला नाही.

घोगरा, वाकडा, पण शब्द स्पष्ट! ज्या माणसाला पाणी मागता येत नव्हतं, तो तिसरं कडवं म्हणत होता. चर्चभर चौथं चालू आणि मध्येच हे तिसरं, नुसता गोंधळ! मी तबल्यावर चौथं सोडलं आणि पप्पांचं तिसरं धरलं. मावशी वळली. आई वळली, तिला रडण्यामुळे म्हणता येत नव्हतं, तरी ती ओठ हलवत होती. मग बाया, मग पोरं, शेवटी पंच. पुस्तकं उघडावी लागली त्यांना, पाठ कुठे होतं! छपराचे पत्रे वाजतील असं गायलो आम्ही.

चौथंही झालं. नाना सूचनांचा कागद हातात घेऊन उभे होते. त्यांनी तो घडी करून खिशात घातला. चौदाच्या चौदा!

मग खुर्चीजवळ आले, पप्पांचा डावा हात धरला. डोळे पुसत म्हणाले, "मास्तर, चुकलो. तिसरं झालं. आता तर काही राहिलं नाही ना?"

पप्पांनी बराच वेळ तोंड जुळवलं. "थांब" येणार, असं सगळ्यांना वाटलं.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. सहा महिन्यांनी. ओठांचा डावा कोपरा वर गेला.

"ग्रा... फिक्स," पप्पा म्हणाले.