उन्हावर भरणाऱ्या बॅटऱ्या

भिंतीला भिंत लागून राहणारा माझा चुलतभाऊ नागापूरच्या एमआयडीसीत कामाला. विजेच्या बाबतीत आमच्या घराण्यात त्याचा शब्द शेवटचा. आईला ऑक्सिजनचं मशीन लागलं आणि पारनेरकडच्या आमच्या गावात लाइटीचा भरवसा नाही, म्हणून मी बॅटऱ्या आणि सोलरची पॅनल आणली. जोडणी त्याने केली. बॅटऱ्या उन्हावरही भरणार, लाइटीवरही. "एक रुसलं तर दुसरं हाय," तो म्हणाला.

खंडेनवमीला उद्घाटन झालं. बॅटऱ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. सरपंचांनी बटण दाबलं आणि गावाच्या वतीने सूर्याचे आभार मानले. भावाने शाल अशी पांघरून घेतली, की सूर्यही त्यानेच बसवला असावा. टाळ्या मीही वाजवल्या. पुढे इन्व्हर्टरवरचा हिरवा दिवा दिसला की मी निश्चिंत. बॅटऱ्या भरताहेत एवढंच तो सांगायचा. कशावर, ते नाही.

वळवाच्या वादळात विजेचे खांब पडले. दुसऱ्या दिवशी ऊन कडक पडलं, तरी दुपारच्या आत मशीन कुरकुरून बंद झालं. आईचे ओठ निळसर पडायला लागले. मी गच्चीवर धावलो. पॅनलची वायर आमच्या खोलीकडे येतच नव्हती. दोन्ही घरांच्या सामायिक भिंतीवरून ती भावाच्या घरातल्या इन्व्हर्टर-बॅटरीकडे उतरत होती. खाली त्याचा फ्रीज निवांत घुमत होता.

"तुझ्या लाइटीवर भरत हुत्या की," तो दारातच म्हणाला. "आमच्याकडं फ्रीज हाय, पोरांचा अभ्यास हाय."

"कधीपासून?"

"पयल्यापासून. उद्घाटनापुरती तिकडं जोडली हुती." मग समजूत घातल्यासारखं, "दादा, तुला तरी कुठं कळलं?"

भांडायला सवड नव्हती. आम्ही दोघांनी आईला खुर्चीसकट उचलून त्याच्या घरात नेलं, मशीन त्याच्या बोर्डाला लावलं. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग आला. भावाने पंखा तिच्याकडे वळवला, पाणी दिलं. तिने त्याचा हात धरला.

"यानं एवढ्या बॅटऱ्या आनल्या," माझ्याकडे बोट करून ती त्याला म्हणाली, "पन येळंला तूच कामी आलास बाबा."

"असू दे काकू, घरचंच हाय," तो म्हणाला.

खांब उभे राहीपर्यंत तिला त्याच घरात राहायचं होतं. मी तिच्या नाकाची नळी सारखी केली आणि म्हणालो, "व्हय आई."